दिवसाची लाईट आणि गायरानाची जमीन



गेले काही महिने कुठल्याही बचत गटाच्या बैठकीत हप्ते, पासबुक झालं की विषय सोलरवर येतो. सबस्टेशनजवळच्या गायरानावर सोलरच्या प्लेटा बसणार, मग शेतीची लाईट दिवसा मिळणार. एखादी म्हणते, बरं होईल, रात्रीची दारं धरायची सुटतील. दुसरी लगेच विचारते, मग आमची शेरडं कुठं चारायची? दोघींचंही खरं आहे. त्यामुळं कोण बरोबर आणि कोण चूक हे आम्ही आज सांगणार नाही. जमीन, पाणी आणि वीज यांचा हिशोब आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यानं याआधीही मांडलाय, एकदा नाही, चार-पाच वेळा. कधी जमला, कधी फसला. तो सगळा एका जागी ठेवून बघू.

सुरुवात पारनेरपासून करू. पांडुरंग महादेव बापट तिथं १८८० साली जन्मले. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांना सेनापती बापट म्हणून वाचलं. परदेशात शिकून आलेला हा माणूस परत आल्यावर हातात झाडू घेऊन रस्ते झाडायचा. त्यांना ‘सेनापती’ हे नाव मात्र मुळशीनं दिलं. पुणे जिल्ह्यात मुळा नदीवर (ही पुण्याची मुळा, आपल्या राहुरीची नव्हे) टाटांच्या कंपनीला धरण बांधायचं होतं. घाटावरचं पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली कोकणात भिऱ्याला सोडायचं, त्यावर वीज करायची आणि ती मुंबईच्या गिरण्यांना द्यायची, अशी योजना. आज ज्याला आपण स्वच्छ वीज म्हणतो तीच ही. धूर नाही, कोळसा नाही. पण मावळातली पन्नासेक गावं आणि त्यांची भातखाचरं पाण्याखाली जाणार होती. १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. गडीमाणसं, बाया, पोरं कामाच्या जागेवर जाऊन बसली. लोक तुरुंगात गेले, बापटही गेले. लढा तीन वर्षं चालला आणि शेवटी धरण झालंच.

यातली एक गोष्ट पुढं आपल्याला लागणार आहे, ती ध्यानात ठेवा. मावळातल्या कितीतरी जमिनी सावकारांकडे अडकलेल्या होत्या. कसणारे एक आणि कागदावर नाव दुसऱ्याचं. सावकारांना नुकसानभरपाई मिळाली की त्यांचं काम झालं, म्हणून त्यांनी ती घेतली. जे त्या मातीत राबत होते त्यांच्या हातात काय पडलं? फार थोडं. शंभर वर्षं झाली, पण जमीन विजेला द्यायची म्हटलं की पहिला प्रश्न अजून तोच आहे. कागदावर नाव कुणाचं?

त्याच सुमाराला आपल्या अकोले तालुक्यात भंडारदऱ्याचं धरण बांधून होत आलं होतं. प्रवरेवरच्या या धरणाचं काम १९१० ला सुरू झालं आणि १९२६ ला पुरं झालं. दगडी बांधकाम, उंची ८२ मीटर. गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्यावरून त्याला विल्सन धरण म्हणतात. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. दुष्काळ पाचवीला पुजलेला. म्हणून हे पाणी कालव्यांनी खाली संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरकडे नेलं आणि तिकडं ऊस उभा राहिला. वीज मात्र त्या पाण्यावर साठ वर्षं कुणी केली नाही. भंडारदऱ्याचं पहिलं वीजघर, १२ मेगावॉटचं, १९८६ साली सुरू झालं. नंतर खाली कोदणीला ३४ मेगावॉटचं दुसरं आलं. धरणाच्या काठी राहणाऱ्या आदिवासी वस्त्यांनी पाणी पाहिलं, धरण पाहिलं, पुढं वीजघरही पाहिलं. घरात दिवा लागायला त्यांना यापेक्षा जास्त थांबावं लागलं. वीज जिथं तयार होते तिथंच ती राहील असं नसतं. ती तारेत शिरते आणि तार जिकडं जाईल तिकडं जाते.

ती तार आपल्या मालकीची असती तर? हा प्रश्न आपल्या जिल्ह्यानं देशातल्या बहुतेक जिल्ह्यांच्या आधी विचारला. आणि नुसता विचारला नाही, करून बघितला.

१९५० मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. शेअर घ्यायचा, सभासद व्हायचं, मग कारखाना आपला, हे तिथल्या माणसाला कळून चुकलं होतं. पुढं १९६९ मध्ये केंद्र सरकारनं खेड्यांत वीज नेण्यासाठी ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ काढलं. महामंडळानं देशात पाच ठिकाणी वीज सहकारी संस्थांचा प्रयोग करायचं ठरवलं. त्यातली एक कर्नाटकात हुकेरीला, एक आंध्रात सिरसिल्ल्याला, एक गुजरातेत कोडिनारला, एक उत्तर प्रदेशात लखनौजवळ, आणि महाराष्ट्रातली एक आपल्याकडे. तीच मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था. श्रीरामपूर, राहुरी आणि आजूबाजूच्या तालुक्यांतल्या शंभराच्या वर गावांत खांब, तारा, डीपी, बिल, वायरमन, सगळं संस्थेचं. वीज मंडळाकडून एकठोक वीज घ्यायची आणि गावागावांत वाटायची.

ही कल्पना मुळात अमेरिकेतली. तिथं १९३५ पर्यंत दहातल्या नऊ शेतकऱ्यांच्या घरी वीज नव्हती. खासगी कंपन्या म्हणत, एवढ्या लांब एका घरासाठी तार ओढायला परवडत नाही. मग सरकारनं कर्ज दिलं, शेतकऱ्यांनी सोसायट्या काढल्या आणि तारा स्वतः ओढल्या. त्या सोसायट्यांच्या संघटनेची माणसं आपल्याकडच्या प्रयोगात सल्लागार होती. अमेरिकेत तशा सोसायट्या अजून शेकड्यांनी चालतात.

आपली चाळीस वर्षं चालली. या चाळीस वर्षांत विहिरींवर मोटरी आल्या, ऊस वाढला, पीठगिरण्या आल्या, जात्यावरचं दळण गेलं. जात्याचा खुंटा ज्यांनी ओढलाय त्यांना यातलं मोल वेगळं सांगायला नको. पण संस्था आतून पोखरत गेली. शेतीच्या मोटरींना मीटर नाही, बिल हॉर्सपॉवरवर. किती वीज गेली, किती आकड्यावर गेली, कुणी मोजायचं? वसुली मागं पडली. वरून घेतलेल्या विजेचे पैसे फिटेनात. थकबाकी वाढत वाढत हजारो कोटींच्या घरात गेली. शेवटी संस्थेचा परवाना संपला आणि २०११ च्या फेब्रुवारीपासून वीज आयोगाच्या निर्णयानं तो भाग महावितरणकडे गेला. राजकारणामुळं बुडाली असं काही जण म्हणतात, सवलतीच्या दरानं बुडवली असं दुसरे म्हणतात. आमच्या मते एक कारण कुणी फारसं बोलत नाही. सभासद म्हणजे ज्याच्या नावावर कनेक्शन तो, आणि कनेक्शन ज्याच्या नावावर सातबारा त्याचं. घरात दिवा लावणारी, गिरणीवर दळण नेणारी, मोटर चालू झाली का हे बघायला विहिरीवर धावणारी बाई त्या वहीत नव्हती. पै-पैचा हिशोब ठेवायची सवय गावात जिला आहे, तिलाच त्या हिशोबातून बाहेर ठेवलं होतं.

आता रात्रीच्या लाईटीकडे येऊ, कारण सोलरचं सगळं गाडं तिथं अडलेलं आहे.

शेतीची लाईट रात्री का देतात? कुणाचं वाकडं करायचं म्हणून नाही. दिवसा कारखाने, दुकानं, कचेऱ्या चालतात, संध्याकाळी सगळ्या घरांत एकदम दिवे लागतात. मध्यरात्रीनंतर मागणी पडते, पण कोळशाची मोठी वीजघरं तासाभरासाठी बंद-चालू करता येत नाहीत. त्यांची रात्रीची वीज कुठं तरी खपवावी लागते. ती शेतीकडे वळवली. त्यासाठी शेतीचा फिडर वेगळा आणि गावठाणाचा वेगळा केला. म्हणून आपल्या घरात लाईट असते आणि मळ्यात नसते. शेतीला आठवड्याच्या पाळ्या लागल्या, एक आठवडा दिवसा आठ तास, एक आठवडा रात्री.

कागदावर ही पाळी सरळ दिसते. रात्री दोनला थ्री फेज येते, घरातला माणूस बॅटरी घेऊन उसात शिरतो आणि बाई उंबऱ्यात जागी राहते. अकोले, संगमनेर, राहुरीकडे उसात बिबट्या व्यालेली असते. सगळीकडे साप, विंचू. ओल्या हातानं स्टार्टर दाबताना शॉक. ज्या घरात गडीमाणूस नाही, तिथं तीच बाई बॅटरी घेऊन जाते. एकट्या बायांनी आम्हाला किती वेळा सांगितलंय की रात्रीच्या पाळीला त्या मोटर लावतच नाहीत, दिवसाच्या पाळीची वाट बघतात. म्हणजे पिकाला निम्मंच पाणी. रात्रीच्या लाईटीनं त्यांचं उत्पन्न निम्म्यावर आणलं, आणि हे कुठल्याही बिलात दिसत नाही.

मधल्या काळात पारनेर तालुक्यातच आणखी एक गोष्ट घडली. २००० च्या आगेमागे सुप्याजवळच्या कावड्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. पुणे रस्त्यानं जाणाऱ्या सगळ्यांनी त्या पाहिल्यात. लेकरं एसटीच्या खिडकीतून मोजायची. पण त्यांची वीज मोठ्या लाईनीला जोडलेली. चक्की आपल्या माथ्यावर फिरते म्हणून आपल्या डीपीला जास्त वीज येत नाही. भंडारदऱ्याचीच गोष्ट पुन्हा, फक्त पाण्याच्या जागी वारा.

राळेगणसिद्धीत मात्र निराळा विचार झाला. हेही पारनेर तालुक्यातलंच गाव. अण्णा हजाऱ्यांच्या या गावात पाणलोटाचं काम, गोबरगॅस, सोलरचे दिवे हे सगळं आधीपासून होतं. १४ जून २०१७ ला राज्य सरकारनं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना जाहीर केली आणि पहिल्या प्रकल्पांसाठी दोन गावं धरली, यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी आणि आपलं राळेगणसिद्धी. राळेगणचा प्रकल्प दोन मेगावॉटचा.

यात नवं काय होतं? वीज मोठ्या लाईनीवरून मुंबईला न्यायची नाही. ज्या सबस्टेशनवरून शेतीचा फिडर निघतो त्याच सबस्टेशनला प्लेटांची तार आणून जोडायची. ऊन दिवसा आणि मोटरीही दिवसा. पाच हॉर्सपॉवरच्या मोटरीला पावणेचार किलोवॉट लागतात. दोन मेगावॉट म्हणजे दोन हजार किलोवॉट. कडक उन्हात पाचशेच्या आसपास मोटरी त्यावर चालतील. ढग आले तर कमी. तेव्हा उरलेली वीज वरून येते. पावसात सगळ्यांच्या मोटरी बंद असल्या आणि ऊन पडलं, तर प्लेटांची वीज उलटी वर जाते. म्हणून जोडणी लागतेच. नुसत्या प्लेटा उभ्या करून भागत नाही.

एक प्रश्न आम्हाला नेहमी येतो. ऊन एवढं कडक, प्लेटा समोर दिसतात, तरी लाईट का गेली? त्याचं कारण असं की वरची लाईन बंद पडली की प्लेटांचं यंत्र आपोआप वीज सोडायचं थांबवतं. नाहीतर लाईन बंद समजून खांबावर चढलेला वायरमन जिवानिशी जाईल. त्यामुळं सबस्टेशन जुनं, तारा लोंबलेल्या असतील तर शेजारी सोलर येऊनही दिवसाची लाईट भरवशाची होत नाही. प्लेटांबरोबर सबस्टेशनच्या दुरुस्तीचं काय ठरलं, हे विचारायलाच हवं.

जागा कशी ठरते तेही बघा. सबस्टेशनपासून लांब गेलं की तारेचा खर्च वाढतो आणि वीज वाटेत गळते. म्हणून साधारण पाच ते दहा किलोमीटरच्या आतली जमीन शोधतात. एका मेगावॉटला चार-पाच एकर लागते. सपाट, सलग, झाड नसलेली, वाद नसलेली जमीन पाहिजे. अशी जमीन गावात कुठं असते? बऱ्याच ठिकाणी गायरानातच.

२०२३ मध्ये या योजनेचा दुसरा टप्पा आला आणि काम मोठं झालं. खासगी जमीन भाड्यानं दिली तर हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये, म्हणजे एकरी ५०,००० च्या आसपास. दरवर्षी तीन टक्के वाढ, पण ती मूळ रकमेवर. म्हणजे हेक्टरी वर्षाला ३,७५० रुपये वाढतात. व्याजावर व्याज नाही. खडकाळ माळावर ज्याला काही पिकत नाही त्याच्यासाठी हे भाडं चांगलं आहे. बागायताला ते पुरेसं आहे का, याचा हिशोब आपल्या पिकावरून ज्यानं त्यानं करावा. सरकारी जमीन मात्र नाममात्र भाड्यानं दिली जाते. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प होतो तिला वर्षाला पाच लाख, असे तीन वर्षं मिळून पंधरा लाख मिळतात.

आता मुळशीची ती गोष्ट आठवा. खासगी जमिनीचं भाडं सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याच्या खात्यात येणार. नव्वदच्या दशकात शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, तेव्हा कितीतरी घरांत बायकोचं नाव जमिनीला लागलं. बाकीच्या घरांत अजून नाही. आजवर शेतीत आपल्या कष्टामुळं तरी आपला शब्द चालायचा. जमीन पंचवीस-तीस वर्षांसाठी भाड्यानं गेली की कष्टही नाहीत आणि नावही नाही. मग त्या पैशावर बाईनं बोलायचं कशाच्या जोरावर? म्हणून करारावर सही होण्याआधी सातबाऱ्यावर नाव लावून घ्यायला आमचा आग्रह आहे. सही झाल्यावर ते जड जाईल.

गायरानाचं तर त्याहून अवघड. गायरान कुणाच्याच नावावर नसतं, म्हणून ते सगळ्यांचं असतं. खरं तर ते ज्यांना स्वतःची जमीन नाही त्यांचं असतं. दोन शेरडं असलेली विधवा, धनगराचं घर, भिल्लांची वस्ती, शेण-सरपण गोळा करणारी म्हातारी. भाडं यांना मिळत नाही. दिवसाची लाईटही यांना मिळत नाही, कारण यांच्याकडे विहीरच नाही. पंधरा लाख ही रक्कम ऐकायला मोठी आहे. पंचवीस वर्षांवर वाटली तर वर्षाला साठ हजार होतात. चाळीस घरांच्या शेरडांचा चारा त्यात बसतो का, ते आपण वहीत मांडून बघावं. बसत असेल तर तसं ठरावात लिहून घ्यावं, की हा पैसा चाऱ्याला, कुरणाच्या दुसऱ्या जागेला जाईल. नाही तर तो कमानीला आणि पेव्हर ब्लॉकला जातो हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

आम्ही सोलरच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगतो. ज्या बाईनं उसाच्या कडेला बॅटरी धरून रात्र काढली तिला दिवसाची लाईट हक्कानं मिळाली पाहिजे. कोळशाच्या विजेपेक्षा ही वीज स्वस्तही पडते, युनिटला तीन रुपयांच्या आसपास. पण प्लेटा बसवायला गायरानच पाहिजे असं काही नाही. कुठं मुरमाड माळ आहे, कुठं कुणाची खासगी पडीक आहे. जागा निवडताना गावानं दोन-तीन पर्याय समोर ठेवले तर कंपनीलाही त्यातून निवडता येतं. अट एकच, हे बोलणं मोजणीच्या आधी झालं पाहिजे. मोजणीचे खांब रोवल्यावर नाही.

त्यासाठी कायद्यानं आपल्याला एक जागा दिलीय. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. बहुतेक गावांत ती रजिस्टरवर होते, सह्या घरोघर फिरवून. या वेळी ती खरी बसवा. सबस्टेशन आपल्या गावापासून किती लांब, कुठली जमीन सुचवलीय, किती एकर, किती वर्षांचा करार, शेतीचा कुठला फिडर यावर चालणार, सबस्टेशनची दुरुस्ती कधी, आणि पाच लाख कशावर खर्च होणार, हे ग्रामसेवकाला विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहायला लावा. ठरावाची नक्कल मागून घ्या.

ज्यांच्या विहिरीपर्यंत शेतीचा फिडर नाहीच, त्यांच्यासाठी मागेल त्याला सौर कृषी पंपाची योजना आहे. अडीच एकरापर्यंत तीन हॉर्सपॉवर, पाच एकरापर्यंत पाच, त्यावर साडेसात. शेतकऱ्यानं दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं पाच टक्के. तिथंही अर्ज सातबाऱ्यावरच्या नावानं होतो. पुन्हा तेच.

राहता राहिली संध्याकाळ. सहाला ऊन उतरतं, प्लेटा थंड होतात, आणि नेमकं तेव्हाच आपलं काम वाढतं. दिवे, मिक्सर, पाण्याची मोटर, पोरांचा अभ्यास. दिवसाची वीज संध्याकाळसाठी साठवायची कशी, यावर सगळीकडे डोकी चालू आहेत. कुणी बॅटऱ्या बसवतंय, कुणी डोंगरात पाणी चढवतंय. पाण्याची सोय आपल्याकडे २००८ पासून चालू आहे. अकोले तालुक्याच्या टोकाला घाटघरला एक वरचं धरण आहे आणि चारशे मीटरहून खाली, ठाणे जिल्ह्यात चोंढ्याला दुसरं. वीज जास्त असली की पाणी खालून वर चढवायचं, कमी पडली की वरून खाली सोडायचं. दोन यंत्रं आहेत, मिळून अडीचशे मेगावॉटची. गच्चीवरची टाकी आपण लाईट असताना भरून ठेवतो, त्यातलीच गोष्ट. चढवायला जेवढी वीज लागते तेवढी परत मिळत नाही, चौथाईच्या आसपास वाटेत जाते. बांधलं तेव्हा हिशोब रात्रीच्या शिल्लक कोळशाच्या विजेचा होता. आता शिल्लक दुपारी पडायला लागली आहे. सह्याद्रीत असे आणखी प्रकल्प उभारायचे करार राज्य सरकारनं कंपन्यांशी केलेत. अकोल्याच्या वरच्या अंगाच्या मैत्रिणींनो, तुमच्या डोंगरात कुणी मोजणीला आलं असेल तर आम्हाला कळवा. पुढच्या भागात त्यावरच बोलू.